संमत संहिता आणि उच्चारित शब्द : लंडनच्या 'थिएटर वर्कशॉप'चा इतिहास

नाटक म्हणजे काय, ह्या प्रश्नाला इंग्लंडच्या कायद्याने दीर्घकाळ एक ठरीव उत्तर दिले होते. १७३७ चा परवाना-कायदा आणि त्यानंतर १८४३ चा नाट्यगृह-कायदा ह्यांनी एक व्यवस्था घालून दिली होती. नवीन नाटकाची प्रत राजगृहातील लॉर्ड चेंबरलेन ह्या अधिकाऱ्याकडे आगाऊ पाठवावी, त्याने तीतील आक्षेपार्ह शब्द गाळावेत, आणि संमत झालेला मजकूर तेवढाच रंगभूमीवर उच्चारला जावा, अशी ती होती. तिच्या मुळाशी भाषेविषयीची एक समजूत आहे. नाटकातील भाषण आधी लिहिले जाते व मग बोलले जाते. लिखित ते मूळ, उच्चारित ती त्याची प्रतिकृती. विसाव्या शतकातील भाषाशास्त्राने नेमके ह्याच्या उलट प्रतिपादन केले. भाषा मुळात बोलली जाते, लेखन हे तिचे नंतरचे आणि अपुरे चिन्हांकन होय, हे आता पदवी-परीक्षेचा विद्यार्थीही सांगेल. परंतु न्यायासनापुढे भाषाशास्त्राची साक्ष काढण्याची वहिवाट नाही. १९५८ च्या एप्रिल महिन्यात लंडनच्या पूर्वेकडील वेस्ट हॅम येथील न्यायालयात ह्या दोन समजुती समोरासमोर उभ्या ठाकल्या, आणि आरोपीच्या जागी होती 'थिएटर वर्कशॉप' ह्या नाटकमंडळीतील माणसे. त्यांचा अपराध एवढाच की, संमत संहितेत नसलेले शब्द त्यांच्या रंगमंचावर उच्चारले गेले होते. हा खटला क्षुल्लक होता. तथापि ह्या मंडळीचा सर्व इतिहास त्या एका आरोपात साठवलेला आहे.

मंडळीच्या सूत्रधार जोन लिटलवुडबाई ह्यांचा जन्म १९१४ साली दक्षिण लंडनमधील स्टॉकवेल येथे एका कामकरी कुटुंबात झाला. शिष्यवृत्तीच्या बळावर त्या 'राडा' ह्या लघुनामाने ओळखल्या जाणाऱ्या शाही नाट्यविद्यालयात दाखल झाल्या, पण तेथील शिक्षण अर्धवट टाकून १९३४ साली त्यांनी मँचेस्टरची वाट धरली. त्या काळच्या इंग्रजी नाट्यशिक्षणात वाक्‌शुद्धीला फार मोठे स्थान होते. ही शुद्धी म्हणजे डॅनियल जोन्सने १९१७ च्या आपल्या उच्चारकोशात नोंदलेला, दक्षिण इंग्लंडातील निवासी शाळांतून घडलेला उच्चार होय. जोन्सने तो केवळ वर्णिला होता. नाट्यविद्यालयांनी त्याला विधीचे रूप दिले. परिणामी इंग्रजी रंगभूमीवर कामकरी माणूस येई तो बहुधा मोलकरीण, बटलर अथवा टॅक्सीवाला होऊन, आणि त्याची बोली ही हशा पिकवण्याची सामग्री असे. शॉच्या 'पिग्मॅलियन'मधील उच्चारशास्त्रज्ञ हिगिन्स फूलवालीची बोली सुधारून तिला सरदारीण बनवतो, हे सर्वांच्या स्मरणात राहिले. त्या सुधारणेने फूलवालीची काय गत झाली, हा शॉचा खरा प्रश्न मात्र विस्मृतीत गेला.

मँचेस्टरला लिटलवुडबाईंना जिमी मिलर भेटला. हा सॅल्फर्डचा, स्कॉटिश आईबापांच्या पोटी जन्मलेला. पुढे तो यूअन मॅककॉल ह्या नावाने कवी, गायक व नाटककार म्हणून प्रसिद्धीस आला. बेकारीच्या त्या वर्षांत 'रेड मेगाफोन्स' नावाचे त्याचे पथक गिरण्यांच्या दारांशी आणि रस्त्यांच्या नाक्यांवर प्रचारनाट्ये करीत असे. त्यातून 'थिएटर ऑफ ॲक्शन', आणि १९३६ साली 'थिएटर युनियन' अशा संस्था उभ्या राहिल्या. १९४० मध्ये 'लास्ट एडिशन' ह्या वृत्तपत्रवजा नाटकाचा प्रयोग पोलिसांनी बंद पाडला, तोही परवान्याच्याच मुद्द्यावर. म्हणजे १९५८ चा खटला हा ह्या मंडळीचा कायद्याशी झालेला पहिला सामना नव्हे. महायुद्धाने पांगलेली माणसे १९४५ साली पुन्हा एकत्र आली आणि उत्तर इंग्लंडातील केंडल ह्या गावी 'थिएटर वर्कशॉप' जन्मास आले. पुढची सात-आठ वर्षे फिरस्तीची. वेल्स, स्कॉटलंड, जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया, स्वीडन असा प्रवास. पैसा नाही, शासनाचे साहाय्य जवळजवळ नाही. नटांच्या अंगविक्षेपांचे शिक्षण रुडॉल्फ लाबानच्या पद्धतीने, भूमिकेचा अभ्यास स्तानिस्लाव्हस्कीच्या पद्धतीने.

१९५३ च्या आरंभी मंडळीने लंडनजवळील स्ट्रॅटफर्ड येथे 'थिएटर रॉयल' हे १८८४ मध्ये बांधलेले, मोडकळीस आलेले नाट्यगृह भाड्याने घेतले. शेक्सपिअरचे जन्मगाव ते हे स्ट्रॅटफर्ड नव्हे. एव्हन नदीकाठचे स्ट्रॅटफर्ड यात्रेकरूंचे. हे पूर्वेकडचे स्ट्रॅटफर्ड आगगाडीच्या कारखान्यांचे, गोदी-कामगारांचे आणि त्या वेळी प्रशासनदृष्ट्या एसेक्स परगण्यातील वेस्ट हॅम नगराचा भाग असलेले. नटमंडळी नाट्यगृहातच राहात, तेथेच रांधत, भिंती रंगवीत आणि सायंकाळी 'ट्वेल्थ नाइट' अथवा 'व्होल्पोनी' करीत. मॅककॉलला एका जागी स्थिर होण्याचा हा निर्णय मान्य नव्हता. तो दूर झाला. पुढे त्याने चार्ल्स पार्कर व पेगी सीगर ह्यांच्या सहकार्याने १९५८ पासून बी.बी.सी.साठी 'रेडिओ बॅलड' हा प्रकार निर्माण केला, त्यात कामगारांचे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रित बोलणे गाण्यांमध्ये गुंफलेले असे. मंडळी सोडूनही त्याने मंडळीचाच प्रश्न दुसऱ्या साधनाने चालवला, असे म्हणता येईल.

येथे लिटलवुडबाईंच्या तालमीची पद्धत ध्यानात घेतली पाहिजे. नटाच्या हाती संहिता प्रथम न देता त्याला प्रसंग द्यावयाचा. प्रसंगातून त्याच्या तोंडी जे शब्द येतील ते येऊ द्यावयाचे. मग लेखकाच्या शब्दांकडे जावयाचे. ब्रेंडन बीअनच्या 'द क्वेअर फेलो' ह्या नाटकाच्या तालमीत नटांना नाट्यगृहाच्या गच्चीवर कैद्यांप्रमाणे वर्तुळात फिरवले गेले. भूमिकांची वाटणी झाली ती नंतर. हा प्रयोग २४ मे १९५६ रोजी झाला. त्याच महिन्याच्या ८ तारखेला रॉयल कोर्ट नाट्यगृहात ऑस्बर्नचे 'लुक बॅक इन अँगर' रंगभूमीवर आले होते, आणि इंग्रजी नाट्येतिहासाची पुस्तके नवनाट्याचा आरंभ त्या तारखेपासून धरतात. भाषेच्या दृष्टीने पाहिले तर हा हिशेब शंकास्पद ठरतो. ऑस्बर्नचा नायक गोळ्या-चॉकलेटचे दुकान चालवीत असला तरी तो विद्यापीठात शिकलेला आहे, आणि त्याचा त्रागा सुघड, दीर्घ वाक्यांतून वाहतो. बीअनचे कैदी मात्र डब्लिनच्या तुरुंगातील बोली बोलतात. नाटकाचे नावच त्या बोलीतले आहे. 'क्वीअर' ह्या शब्दाचा आयर्लंडातील उच्चार 'क्वेअर', आणि 'क्वेअर फेलो' म्हणजे फाशीची शिक्षा झालेला कैदी. तो कैदी नाटकभर रंगमंचावर येत नाही. त्याच्याविषयीचे बोलणे तेवढे येते. बीअनने स्वतः तुरुंगवास भोगलेला होता, त्याच्या घराण्याचा धंदा घरे रंगवण्याचा. अशा माणसाचे नाटक अशा बोलीत, आणि हास्यास्पद न ठरता, हे लंडनला नवीन होते.

दोन वर्षांनी, २७ मे १९५८ रोजी, 'अ टेस्ट ऑफ हनी' आले. लेखिका शीला डेलेनी एकोणीस वर्षांची, सॅल्फर्डची. टेरेन्स रॅटिगनचे एक नाटक पाहून ह्याहून बरे आपणही लिहू, असे तिला वाटले आणि तिने लिहिले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. हस्तलिखित स्ट्रॅटफर्डला आल्यापासून काही आठवड्यांतच प्रयोग झाला. एका बेफिकीर आईची मुलगी, तिला एका काळ्या खलाशापासून राहिलेला गर्भ, आणि तिची काळजी वाहणारा समलिंगी तरुण, अशी ह्यातील माणसे. त्याच वर्षाच्या उन्हाळ्याअखेर नॉटिंग हिल भागात वर्णद्वेषाच्या दंगली उसळल्या, हे लक्षात घेतले म्हणजे मे महिन्यातील हा प्रयोग किती वेळेवर होता ते कळते. परंतु नाटकात कोठेही वर्णप्रश्नावर व्याख्यान नाही. मायलेकी भांडतात, टोमणे मारतात, मध्येच आई प्रेक्षकांकडे वळून त्यांच्याशी बोलते, रंगमंचावर जॅझवादक वाजवीत असतात.

एका योगायोगाकडे भाषाभ्यासकाचे लक्ष गेल्यावाचून राहात नाही. हॅरल्ड ऑर्टन ह्यांच्या नेतृत्वाखाली लीड्स विद्यापीठाने इंग्रजी बोलींची जी प्रचंड पाहणी केली, तिचे क्षेत्रकार्य १९५० ते १९६१ ह्या काळातले, म्हणजे नेमके स्ट्रॅटफर्डच्या ऐन बहराचे. पाहणीची ३१३ स्थळे बहुतांशी खेड्यांतली. निवेदक शक्यतो वृद्ध, बहुधा पुरुष, एकाच गावी आयुष्य काढलेले. जुन्या बोली लुप्त होण्यापूर्वी टिपून घ्याव्यात, हा हेतू योग्यच होता. पण सॅल्फर्डच्या गल्लीतील अविवाहित गर्भवती मुलगी, ईस्ट एन्डचा सुटून आलेला कैदी, डब्लिनहून आलेला रंगारी ह्यांना त्या चौकटीत जागा नव्हती. शहरी बोलींचा शास्त्रीय अभ्यास पुढे झाला. रंगभूमी येथे विद्यापीठांच्या थोडी पुढे होती, हे मान्य करण्यास संकोच वाटू नये.

आता त्या खटल्याकडे वळू. हेन्री चॅपमन ह्याचे 'यू वोन्ट ऑल्वेज बी ऑन टॉप' हे नाटक १९५७ च्या ऑक्टोबरात झाले. बांधकामावरील मजुरांच्या एका दिवसाचे ते चित्र होते. परवाना रीतसर घेतलेला होता. पण लिटलवुडबाईंच्या पद्धतीनुसार मजुरांचे बोलणे प्रयोगागणिक बदलत राहिले, कारण मजूर रोज तेच शब्द बोलत नाहीत. प्रयोगाला आलेल्या निरीक्षकांनी संमत प्रतीत नसलेले बोलणे टिपून घेतले. रिचर्ड हॅरिस हा तरुण नट चर्चिलच्या आवाजात एका सार्वजनिक शौचकूपाचे उद्‌घाटन करतो, हा भाग विशेष झोंबला. जेराल्ड गार्डिनर ह्या नामवंत वकिलाने बचाव चालवला. हेच गार्डिनर पुढे १९६४ साली इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर झाले. आरोप शाबीत झाला, दंड मात्र अगदी किरकोळ झाला. न्यायालयाची सहानुभूती कोठे होती हे त्यावरून उघड होते, पण कायद्याची बाजू निःसंदिग्ध होती. उच्चारित शब्दाला लिखिताची पूर्वसंमती हवी.

मराठी वाचकाला ही तत्त्वप्रणाली अपरिचित नाही. संहितेच्या पूर्वतपासणीची कल्पना ब्रिटिश अमलाबरोबर आपल्याकडे रुजली. १९६८ च्या नाट्यगृह-कायद्याने इंग्लंडातून ती उठली, त्यानंतरही महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ होते, आणि १९७४ मध्ये एलकुंचवारांच्या 'वासनाकांड'च्या निमित्ताने अमोल पालेकरांना त्याच्याशी झगडावे लागले. तमाशातील बतावणीची आगाऊ प्रत द्यावी तरी कशी, हा प्रश्न ज्याने बतावणी ऐकली आहे त्याला सहज सुचेल.

लिटलवुडबाईंनी ह्या प्रश्नाला दिलेले सर्वांत मार्मिक उत्तर १९६३ च्या मार्च महिन्यात रंगमंचावर आले. 'ओह व्हॉट अ लव्हली वॉर' ह्या पहिल्या महायुद्धावरील नाटकाची प्रेरणा चार्ल्स चिल्टन ह्यांचा सैनिकी गाण्यांवरील नभोवाणी-कार्यक्रम. विदूषकी पिएरो वेषातील नट गाणी म्हणतात, आणि मागील फलकावर मृतांचे आकडे सरकत जातात. त्यात कवायतीचा एक प्रवेश आहे. व्हिक्टर स्पिनेटी हा नट सार्जंटच्या भूमिकेत रंगरुटांवर जे ओरडतो, त्यात अर्थपूर्ण शब्द जवळजवळ नाहीतच. आहेत ते केवळ आघात, स्वराचा चढउतार आणि दरडावणीची लय. तरीही प्रेक्षकाला प्रत्येक शिवी कळते. शब्दांवाचून अर्थ वाहून नेण्याचे सुरावटीचे सामर्थ्य दाखवण्यासाठी ध्वनिविचाराच्या वर्गात ह्याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. आणि जे शब्दच नाहीत त्यांवर लेखणी चालवणार कोठे?

परंतु ह्या पद्धतीची दुसरीही बाजू आहे. संहिता जर तालमीत घडत असेल, तर लेखक कोण? स्ट्रॅटफर्डचे बहुतेक नवे लेखक नवशिके, अल्पशिक्षित, साहित्याच्या बाजारात पत नसलेले. फ्रँक नॉर्मन हा तुरुंगातून सुटलेला. त्याचे 'फिंग्ज एन्ट वॉट दे यूस्ड टी बी' हे साधे गद्य नाटक १९५९ मध्ये लायनेल बार्टच्या गाण्यांनी संगीत झाले. अशा लेखकांना व्यासपीठ मिळाले की त्यांचा कच्चा माल म्हणून उपयोग झाला, हा वाद तेव्हापासून चालत आला आहे. डेलेनीच्या बाबतीत जॉन रसेल टेलर ह्या समीक्षकाने मूळ हस्तलिखित व छापील संहिता ताडून पाहिल्या. संवादांची काटछाट झाली होती, पण नाटकातील नावाजलेली बरीच वाक्ये मूळचीच होती, असे त्यास आढळले. मुलगी लिहू शकत नसावी, बाईंनीच लिहिले असावे, ह्या कुजबुजीत वाङ्मयीन निरीक्षणापेक्षा सॅल्फर्डविषयीचा तुच्छभावच अधिक होता, असे म्हणणे भाग आहे.

बीअनच्या दुसऱ्या नाटकाची कथा वेगळी आहे, आणि ती लहान भाषेच्या अभ्यासकाने अधिक बारकाईने वाचावी अशी आहे. 'अन गिआल' म्हणजे ओलीस. हे नाटक बीअनने आयरिश भाषेत लिहिले, आणि १९५८ च्या जून महिन्यात डब्लिनच्या डेमर सभागृहात ते झाले. आयरिश ही संविधानाने आयर्लंडची पहिली राजभाषा; व्यवहारात मात्र ती पश्चिम किनाऱ्यावरील काही भागांत उरलेली आणि शाळांतून जोपासलेली. बीअन ती तुरुंगात पक्की शिकला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला स्ट्रॅटफर्डला 'द हॉस्टेज' ह्या नावाने त्याचे इंग्रजी रूप सादर झाले. चार महिन्यांत नाटकाची जातच पालटली होती. मूळ नाटक आटोपशीर, संयत शोकांतिका. एक कोवळा इंग्रज सैनिक, एक आयरिश मुलगी, आणि अटळ मृत्यू. इंग्रजीत त्यात गाणी आली, नाच आला, ताज्या बातम्यांवरील विनोद आले, नवी पात्रे आली, आणि मेलेला सैनिक शेवटी उठून गाऊ लागला. पॅरिस, लंडनचा वेस्ट एन्ड, न्यूयॉर्क येथे हेच रूप गाजले. ह्या फेरफारांत बीअनची संमती व सहभाग होता, हे खरे; त्याला गर्दी, गोंगाट आणि टाळी प्रिय होती, हेही खरे. तथापि आयरिशमधील ते शांत नाटक जगाला इंग्रजी वाचकाकरवी कळावे तर रिचर्ड वॉल ह्यांनी १९८७ साली दोन्ही रूपे एकत्र प्रसिद्ध करीपर्यंत थांबावे लागले. बोलींचा कैवार घेणाऱ्या मंडळीने एका भाषेचे नाटक तिच्यापासून तोडले, आणि ते कोणाच्या ध्यानातही आले नाही. लंडनच्या कानाला आयरिश माणसाची इंग्रजी हीच आयरिश वाणी वाटली. नवे लेखन आणि उपेक्षित समाज ह्यांच्या बाजूने उभे राहणाऱ्या कोणत्याही संस्थेचे मोजमाप करताना, ती त्या समाजाची बोली ऐकते की त्याची भाषाही ऐकते, हा प्रश्न विचारावा लागेल.

यशानेच मंडळी पोखरली. वेस्ट एन्डच्या व्यावसायिक नाट्यगृहात नाटक गेले की नट तेथे अडकत, आणि स्ट्रॅटफर्डला पुन्हा नवी माणसे तयार करावी लागत. आर्ट्स कौन्सिलचे अनुदान तुटपुंजे असल्याने वेस्ट एन्डचे उत्पन्न नाकारणेही शक्य नव्हते. ज्या कामकरी प्रेक्षकासाठी हा खटाटोप, तो अपेक्षेइतका आलाच नाही. मध्य लंडनची मंडळी मात्र मोटारींतून स्ट्रॅटफर्डला येऊ लागली. स्टीफन लुइसचे 'स्पॅरर्स कान्ट सिंग' १९६० साली रंगभूमीवर आले. त्यावरून १९६३ मध्ये लिटलवुडबाईंनीच चित्रपट केला, तेव्हा ईस्ट एन्डची बोली कळावी म्हणून अमेरिकेत त्याला इंग्रजी उपशीर्षके जोडावी लागली. म्हणजे इंग्रजीचे इंग्रजीत भाषांतर. लिटलवुडबाई व वास्तुकार सेड्रिक प्राइस ह्यांनी नाट्यगृहाची चौकटच मोडणारा, कोणीही यावे, शिकावे, खेळावे अशा 'फन पॅलेस'चा आराखडा केला. तो बांधला गेला नाही. १९७५ मध्ये त्यांचे सहचर व मंडळीचे व्यवस्थापक जेरी रॅफल्स निवर्तले. त्यानंतर बाईंनी स्ट्रॅटफर्डला नाटक बसवले नाही. २००२ साली त्यांचे निधन झाले.

नाट्यगृह मात्र टिकले. त्याच्या भोवतीचा परिसर १९६५ पासून न्यूहॅम ह्या लंडनच्या नव्या विभागात मोडू लागला, आणि कॅरिबियन, दक्षिण आशियाई व आफ्रिकी कुटुंबे तेथे मोठ्या संख्येने वसली. लिटलवुडबाईंचे एके काळचे साहाय्यक फिलिप हेडली १९७९ ते २००४ पर्यंत तेथे कलासंचालक होते. कृष्णवर्णी व आशियाई लेखक-नटांना त्यांनी सातत्याने स्थान दिले. त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षी 'द बिग लाइफ' हे संगीत नाटक झाले आणि २००५ मध्ये ते वेस्ट एन्डला गेले. शेक्सपिअरच्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट'चे कथानक त्यात जमैकाहून बोटीने आलेल्या स्थलांतरितांना लावलेले आहे. त्या प्रयोगात प्रेक्षागृहाच्या बाजूच्या कक्षात एक प्रौढ जमैकन बाई प्रेक्षक म्हणून बसलेली असे, आणि दोन प्रवेशांच्या मध्ये ती आपल्या बोलीत, रंगमंचाकडे व प्रेक्षकांकडे आळीपाळीने पाहात, मोठ्याने बोले.